डीबेस

डीबेस : सूक्ष्मसंगणकावर माहितीसंचय उभारण्यासाठी, त्यात नोंदींची भर घालण्यासाठी व त्यातून हवी ती माहिती निवडून काढण्यासाठी तयार करण्यात आलेली आज्ञाप्रणाली, तसेच त्या प्रणालीतच अंतर्भूत असलेली संगणकभाषा. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास तिचा आरंभ झाला. १९८१ ते १९९० या काळात वैयक्तिक संगणकावरील हिशेबठेवणी, सभासदनोंदी, मालसाठा, वेतनपत्रके इ. कामांसाठी ती सर्वाधिक वापरल्या गेलेल्या भाषांपैकी एक होती. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात उणिवा फार. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी तिची क्वचितच गंभीर दखल घेतली. तथापि ज्यांनी पूर्वी कधी एक ओळही आज्ञावली लिहिली नव्हती अशा हजारो लोकांना आज्ञावली लिहिण्यास तिने प्रवृत्त केले. तिचे हे यश आणि तिचे दोष परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. दोन्ही एकाच मुळातून निघाले आहेत, असे प्रस्तुत नोंदीत दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

डीबेसचे मूळ व्यापारी जगात नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या अवकाश-संशोधन प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रेड टॉमसन हे टाइमशेअर या कंपनीच्या ‘रिट्रीव्ह’ नावाच्या प्रणालीचा उपयोग करीत असत. हा उपयोग आज काहीसा गमतीदार वाटेल. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे त्या काळी इतकी महाग होती, की कोणते यंत्र कोणाकडे आहे याची नोंद ठेवण्यासाठी मोठ्या संगणकाची मदत घेतली जाई. १९७१ मध्ये टॉमसन व आज्ञावलीकार जॅक हॅटफील्ड यांनी रिट्रीव्हची सुधारून वाढविलेली आवृत्ती स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी लिहावयास घेतली. युनिव्हॅक ११०८ या संगणकावर फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या या प्रणालीला प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून ‘जेपीएलडीआयएस’ हे नाव मिळाले. १९७३ मध्ये ती जाहीरपणे मांडण्यात आली. १९७४ मध्ये हॅटफील्ड यांनी प्रयोगशाळा सोडल्यावर जेब लाँग यांनी ते काम पुढे चालविले. ही वंशावळ येथे तपशिलाने देण्याचे कारण असे, की पुढे एका न्यायालयात तिलाच निर्णायक महत्त्व प्राप्त झाले.

त्याच प्रयोगशाळेत मार्टिन मॅरिएटा कंपनीच्या वतीने कंत्राटी काम करणारे वेन रॅटलिफ हे मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानाच्या कार्यक्रमात होते व यानाच्या माहितीची व्यवस्था पाहणारी एक प्रणाली त्यांनी लिहिली होती. कचेरीतील सहकाऱ्यांमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर पैज लागत असे. ती जिंकण्यासाठी वर्तमानपत्रांतील आकडे हाताने मांडून पाहण्याचा रॅटलिफ यांना कंटाळा आला. सुटे भाग जोडून तयार केलेला इम्साय ८०८० हा सूक्ष्मसंगणक त्यांच्याकडे होता. जेपीएलडीआयएसच्या धर्तीवर पण अत्यल्प स्मृतीत मावेल अशी प्रणाली त्यांनी या यंत्रासाठी, यंत्रसंकेतांना अगदी जवळच्या अशा जुळणी भाषेत लिहिली व तिला ‘व्हल्कन’ हे नाव दिले. ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘बाइट’ या मासिकात तिची जाहिरात आली. मागण्या येऊ लागल्या. परंतु प्रती काढणे, पुस्तिका बांधणे, पत्रांना उत्तरे देणे हे सारे एकट्याने नोकरी सांभाळून करणे त्यांना झेपेना आणि १९८० च्या उन्हाळ्यात त्यांनी जाहिरात बंद केली.

या टप्प्यावर जॉर्ज टेट व हॅल लॅशली या दोन विक्रेत्यांनी प्रणालीच्या विक्रीचे हक्क घेतले. व्हल्कन हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या उत्पादनाचे असल्याने ते बदलणे भाग होते. नवे नाव ‘डीबेस टू’ असे ठेवण्यात आले. डीबेस वन कधीच अस्तित्वात नव्हते; दुसरी आवृत्ती म्हटल्याने माल कसाला लागलेला वाटतो, एवढाच त्यामागचा हेतू. कंपनीचे ‘ॲश्टन-टेट’ हे नावही याच जातीचे होते, कारण ॲश्टन नावाची व्यक्ती कंपनीत नव्हती. ६९५ डॉलर ही किंमत त्या काळी थोडी नव्हती. तरीही खप झपाट्याने वाढला. डीबेस टूमध्ये एका नोंदीत जास्तीत जास्त ३२ रकाने व १,००० अक्षरे, एका फाइलमध्ये ६५,५३५ नोंदी आणि एका वेळी केवळ दोन उघड्या फाइली एवढीच मर्यादा होती. मुळात ८०८० वर्गातील प्रक्रियकावरील सीपी/एम यंत्रांसाठी असलेली ही प्रणाली पुढे आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर आली. १९८४ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिलेली ‘डीबेस थ्री’ ही आवृत्ती निघाली. तीत १२८ रकाने, दहा उघड्या फाइली आणि दिनांक व टिपण हे दोन नवे माहितीप्रकार मिळाले. पाठोपाठ आलेल्या ‘थ्री प्लस’ या आवृत्तीने जोडलेल्या अनेक संगणकांवरून एकच फाइल वापरण्याची सोय केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेट यांचे वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निधन झाले. कंपनी मात्र लोटस व मायक्रोसॉफ्ट यांच्या पंक्तीत जाऊन बसली होती.

भाषेचे स्वरूप : डीबेस सुरू केले की पडद्यावर डाव्या कोपऱ्यात केवळ एक टिंब उमटत असे. सूचना नाही, यादी नाही, चित्र नाही. या टिंबापुढे आज्ञा टंकित करावयाची. एखाद्या ग्रंथालयाच्या सभासदांची फाइल उघडण्यासाठी ‘यूज’ हा शब्द व फाइलीचे नाव, नवी नोंद घालण्यासाठी ‘अपेंड’, नोंदी पाहण्यासाठी ‘लिस्ट’ आणि त्यापुढे ‘फॉर’ म्हणून अट, म्हणजे अमुक गावचे किंवा अमुक रकमेहून अधिक वर्गणी थकलेले सभासद. आज्ञा इंग्रजी क्रियापदांच्या, थोडक्या व घरगुती वळणाच्या आहेत. त्यांना उत्तर तत्काळ मिळते आणि चूक झाल्यास तीही तत्काळ कळते.

येथवर ही एक प्रश्नोत्तराची सोय झाली. डीबेसचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे. टिंबापुढे रोज ज्या आज्ञा टंकित करावयाच्या त्याच एका मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवल्या, की ती आज्ञावली झाली. ‘डू’ असे म्हणून तिचे नाव घेतले की ती चालू लागे. वापरणाराची भाषा व आज्ञावलीकाराची भाषा यांत भिंत नव्हती. महिनाअखेरीस त्याच आठ ओळी पुन्हापुन्हा टंकित करण्यास कंटाळलेला कारकून त्या आठ ओळी लिहून ठेवतो, मग त्यांना एक अट जोडतो, मग ‘डू व्हाइल’ हे आवर्तन शिकतो आणि वर्षभरात, आपण नेमके काय झालो हे न कळता, आज्ञावलीकार होतो. कोबॉलने शब्द इंग्रजी वळणाचे केले होते, पण मोठ्या यंत्राभोवतीचा उंबरठा ओलांडून आत येणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. बेसिक भाषा घराघरांत पोचली, पण फाइलींची व्यवस्था तिच्यात ज्याची त्याने नव्याने लावावी लागे. डीबेसने माहितीची फाइल हीच भाषेची प्रथम श्रेणीची वस्तू मानली. रकान्यांची नावे फाइलीतच असल्यामुळे ती उघडताच भाषेत दाखल होत. त्यांची वेगळी घोषणा करावी लागत नसे. व्यवहारात काम करणाऱ्या माणसाच्या कष्टांचा एवढा नेमका अंदाज त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही भाषेला आला नव्हता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दोष : परंतु टिंबापुढे बसलेल्या माणसाला जे सोयीचे असते ते लिहून ठेवलेल्या आज्ञावलीत घातक ठरू शकते. डीबेसमधील प्रत्येक उघड्या फाइलीत एक ‘चालू नोंद’ असते. जमाखर्चाच्या वहीवर बोट ठेवून वाचावे तसा एक अदृश्य निर्देशक त्या नोंदीवर असतो व बहुतेक आज्ञा त्याला अनुसरून चालतात. ‘रिप्लेस’ ही आज्ञा नुसती दिली तर त्या एकाच नोंदीत बदल होतो. तिच्यापुढे ‘ऑल’ हा शब्द पडला तर साऱ्या फाइलीत. बोट कोठे आहे हे माणसाला पडद्यावर दिसते, आज्ञावलीला ते गृहीत धरावे लागते. एका उपआज्ञावलीने बोट हलविले आणि ते जागेवर परत ठेवले नाही, तर तिला बोलावणारी आज्ञावली भलत्याच सभासदाच्या नावावर रक्कम जमा करते आणि कोणतीही चूक दाखविली जात नाही.

याहून सूक्ष्म दोष नावांचा. फाइलीतील रकाना व स्मृतीतील चल यांना एकच नाव असू शकते. ‘गुण’ नावाचा रकाना उघडा असताना ‘गुण = ४०’ असे लिहिले, तर ४० ही संख्या त्याच नावाच्या चलात जाते, रकान्यात नव्हे; पण लगेच पुढच्या ओळीत ‘गुण’ विचारले तर उत्तर रकान्यातले येते. लिहिताना एक व वाचताना दुसरे, असा हा प्रकार आहे. रकान्यात काही घालावयाचे तर ‘रिप्लेस’च वापरावयास हवे, हा नियम अनुभवी माणसाच्या हाताला सवयीने वळण लावतो, नवख्याला मात्र यंत्रच खोटे बोलते असे वाटते.

तिसरे उदाहरण समानतेच्या चिन्हाचे. मूळ मांडणीत डीबेस दोन शब्दांची तुलना उजवीकडील शब्द संपेपर्यंतच करते. म्हणून ‘रामचंद्र = राम’ हे तिच्या मते खरे आणि ‘राम = रामचंद्र’ हे खोटे. उजवीकडे रिकामा शब्द असेल तर डावीकडे काहीही असो, उत्तर ‘खरे’ असेच येते. टिंबापुढे हे वरदान होते : आडनावाची पहिली दोनतीन अक्षरे टंकित केली की त्या आरंभाची सर्व माणसे पुढे येत. तेच चिन्ह आज्ञावलीत परवलीचा शब्द तपासण्यासाठी वापरले व शब्दांची बाजू चुकली, तर काहीही न टंकिणारा माणूस सहज आत प्रवेश करतो. काटेकोर तुलनेची आज्ञा उपलब्ध होती, पण ती संपूर्ण प्रणालीचा स्वभाव बदलणारी होती. एका ठिकाणी ती दिली की दुसरीकडचे शोध बिघडत. समानता ही दोन्ही बाजूंनी सारखीच असली पाहिजे, या शाळेत शिकलेल्या गोष्टीला सोयीखातर सोडचिठ्ठी देणारी भाषा सोयीची किंमत कोणाकडून वसूल करते, हे येथे चांगले दिसते.

एका बाबतीत मात्र डीबेसची व्यवहारबुद्धी निर्विवाद श्रेष्ठ होती. ‘डिलीट’ या आज्ञेने नोंद नाहीशी होत नसे. नोंदीच्या आरंभी राखलेल्या एका जागेत तारकेची खूण होई, इतकेच. ‘रिकॉल’ म्हटले की खूण पुसली जाई. ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावरच खुणेच्या नोंदी खरोखर गाळल्या जात. कीर्दखतावणीत चुकीची नोंद खरवडून न काढता तिच्यावर रेघ मारावी, ही जुनी शिस्त येथे यंत्रात उतरलेली आढळते.

डीबेस ही ‘संबंधाधिष्ठित’ प्रणाली असल्याचा दावा जाहिरातींतून केला जाई. तो स्वीकारता येत नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात ‘काय हवे’ एवढेच सांगावयाचे असते. ‘ते कसे शोधावे’ हे प्रणालीने ठरवावयाचे असते. डीबेसमध्ये बोट कोठून कोठे न्यायचे हे आज्ञावलीकारच सांगतो. दोन फाइलींतील संबंध फाइलीत नोंदला जात नाही, तो आज्ञावलीपुरताच टिकतो. म्हणून ज्याचा सभासद अस्तित्वातच नाही अशी वर्गणीची नोंद राहण्यास कोणताही अटकाव नाही. असे सैल दावे बोकाळल्यामुळेच कॉड यांना १९८५ मध्ये आपले सुप्रसिद्ध नियम प्रसिद्ध करावे लागले.

बोली व खटला : डीबेसमध्ये लिहिलेली आज्ञावली ओळीओळीने वाचून चालविली जात असल्याने संथ असे, शिवाय ती वापरणाऱ्या प्रत्येकाला मूळ प्रणाली विकत घ्यावी लागे. या दोन्ही अडचणींवर इतरांनी उपाय काढले. नॅनटकेट कंपनीच्या ‘क्लिपर’ने (१९८५) डीबेसची आज्ञावली स्वतंत्रपणे चालणाऱ्या फाइलीत रूपांतरित करण्याची सोय दिली. ओहायओमध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीने ‘फॉक्सबेस’ व १९८९ मध्ये ‘फॉक्सप्रो’ काढले. तीच भाषा त्यांत कित्येक पटींनी वेगाने चाले. डीबेस हे नाव ॲश्टन-टेटच्या मालकीचे असल्याने या सर्व बोलींना मिळून ‘एक्सबेस’ म्हणण्याचा प्रघात पडला.

ऑक्टोबर १९८८ मध्ये निघालेली ‘डीबेस फोर’ ही आवृत्ती चुकांनी भरलेली होती. तिची दुरुस्त आवृत्ती येण्यास जुलै १९९० उजाडला. मध्यंतरी ग्राहक फॉक्स व क्लिपरकडे वळले. अशा वेळी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, ॲश्टन-टेटने फॉक्स व तिची सहकारी सांताक्रूझ ऑपरेशन यांच्यावर प्रताधिकारभंगाचा दावा लावला. फॉक्सने डीबेसचा अंतर्गत मजकूर चोरल्याचा प्रश्न येथे नव्हता. आज्ञांचे शब्द, त्यांची मांडणी, फाइलीची घडण म्हणजे थोडक्यात भाषाच आमची, असे कंपनीचे म्हणणे होते. एखाद्या भाषेत लिहिणारे हजारो लोक जी आज्ञावली लिहितात ती कोणाची, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आणि स्वतःचे ग्राहकच अस्वस्थ झाले. डिसेंबर १९९० मध्ये लॉस अँजेल्स येथील न्यायाधीश टेरी हॅटर यांनी ॲश्टन-टेटचा प्रताधिकारच अवैध ठरविला. डीबेसचा उगम जेपीएलडीआयएसमध्ये आहे ही गोष्ट कंपनीने प्रताधिकाराची नोंदणी करताना दडविली, हे त्यामागील कारण होते. एप्रिल १९९१ मध्ये त्यांनीच हा आदेश मागे घेतला. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने ॲश्टन-टेट विकत घेतली आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने या व्यवहाराला संमती देताना हा दावा सोडून देण्याची अट घातली. मूळ प्रश्नाचा निवाडा अशा रीतीने या खटल्यात झालाच नाही. तथापि टीकाकाराला आपले मत देण्यास हरकत नसावी. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेतील प्रणाली, तिच्याही आधीची दुसऱ्या कंपनीची प्रणाली, एका माणसाचा फुटबॉलचा छंद व अगणित अनामिक वापरणाऱ्यांच्या सवयी यांतून घडलेल्या शब्दसंग्रहावर एका विक्रेत्याने मालकी सांगणे न्याय्य नव्हते. रॅटलिफ यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. मोठ्या यंत्रावरची कल्पना काही हजार अक्षरांच्या स्मृतीत बसविणे हेच त्यांचे खरे निर्माण होते, आणि त्यावर कोणी दावा सांगितलेला नव्हता.

उत्तरकाल थोडक्यात सांगता येतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स कंपनी घेतली. ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो’ची अखेरची आवृत्ती २००४ मध्ये निघाली व तिचे साहाय्य जानेवारी २०१५ मध्ये थांबले. चित्रमय खिडक्यांच्या संगणकावर बोरलँडचे डीबेस उशिरा, १९९४ मध्ये पोचले. तोवर बाजार हातचा गेला होता.

मराठीतील उपयोग : भारतात १९८५ नंतर खासगी संगणक-वर्गांच्या पाट्यांवर वर्डस्टार, लोटस व डीबेस ही तीन नावे एकत्र दिसत. अनेकांच्या संगणकशिक्षणाचा श्रीगणेशा डीबेस थ्री प्लसने झाला. मराठीत नोंदी ठेवण्याची वाट मात्र वेगळ्या दिशेने उघडली. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत आरंभ झालेले व पुढे मोहन तांबे यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र कार्डाच्या रूपाने संगणकात बसविले, की डीबेससारख्या परदेशी प्रणालीत देवनागरी टंकिता येई. प्रणालीला त्याची जाणीवही नसे. तिच्या दृष्टीने ते केवळ संकेतांक होते. हे संकेत पुढे १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक ठरले.

या व्यवस्थेच्या मर्यादा बोधप्रद आहेत. रकान्याची रुंदी डीबेस संकेतांकांत मोजते. ‘लक्ष्मीबाई’ या नावात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण व्यंजने, हलन्त-चिन्हे व मात्रा धरून दहा संकेतांक लागतात. रुंदीचा अंदाज चुकला की नाव जोडाक्षराच्या मध्येच तुटून अखेरीस पाय मोडलेले व्यंजन उरे. सूचीची मांडणीही संकेतांकांच्या क्रमाने होत असल्याने ती बहुतांशी वर्णक्रमानुसार लागे, परंतु ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगत येई, मराठी वर्णमालेप्रमाणे ते ‘ह’नंतर यावयास हवे. देवनागरीच्या संकेतांकांची आखणी अनेक भारतीय लिप्यांना समान ठेवताना झालेली ही तडजोड युनिकोडमध्येही कायम राहिली आहे.

भाषा मागे पडली तरी तिची फाइल टिकून आहे. तिची घडण अतिशय साधी आहे. आरंभी ३२ संकेतांकांचा मथळा, नंतर प्रत्येक रकान्याच्या वर्णनास ३२ आणि पुढे ठराविक लांबीच्या नोंदी. ती कोणालाही वाचता येत असल्यामुळेच प्रतिस्पर्ध्यांना तिचा अंगीकार करणे सोपे गेले. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी एस्री या नकाशाशास्त्रीय कंपनीने आपल्या ‘शेपफाइल’ या प्रकारात भूभागांची वर्णनात्मक माहिती ठेवण्यासाठी हीच फाइल निवडली आणि भौगोलिक माहितीच्या देवघेवीत ती आजही सर्रास आढळते. रकान्याच्या नावाला दहा संकेतांक ही रॅटलिफ यांच्या काळातील मर्यादाही तिच्याबरोबर आली आहे. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन संकेतांकांची जागा घेते. त्यामुळे नकाशातील रकान्याला मराठी नाव द्यावयाचे झाल्यास त्यात तीनच चिन्हे मावतात, आणि ‘गाव’ चालते पण ‘तालुका’ तुटतो.